लगाम कुणाच्या हातात? घोड्यावरच्या राजांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात राजेलोकांच्या घोड्यावरच्या चित्रांवर अर्धं पान लिहिलं होतं. युरोपातल्या म्युझियममधे चिलखत नाहीतर युनिफॉर्म घालून घोड्यावर बसलेले राजे भिंतभर टांगलेले असतात ना, तीच चित्रं. त्यात मी एवढंच म्हटलं होतं की घोडा नंतर बघा, आधी राजाचा लगाम धरलेला हात बघा. त्यावर एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले, आता या वेळचं पूर्ण सदर घोड्यांनाच देऊन टाक. तर हे घ्या.

प्रश्न (सांगली) : दिवाळीत मुलीकडे स्पेनला गेलो होतो. माद्रिदच्या प्राडो म्युझियममधे एक चिलखत घातलेला राजा बघितला, काळसर घोडा, हातात लांबच लांब भाला. गाईड म्हणाला की याला त्या काळात धड चालताही यायचं नाही. मग चित्र खोटंच म्हणायचं की!

अर्धं खोटं म्हणा. हा पाचवा चार्ल्स, स्पेनचा राजा आणि जर्मनीकडचा सम्राट. 24 एप्रिल 1547 ला म्यूलबर्गच्या लढाईत त्याने प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव केला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या टिशियन या चित्रकाराला जर्मनीतल्या ऑग्सबर्गला बोलावून हे चित्र काढून घेतलं. जवळजवळ अकरा फूट उंच आहे, तुम्ही समोर उभे राहिलात म्हणजे मान दुखलीच असणार.

आता यातलं खरं काय, तर लढाई झाली, चार्ल्स तिथे होता, आणि ते चिलखत तर इतकं खरं आहे की आजही माद्रिदच्या शाही शस्त्रागारात ठेवलेलं आहे, पुढच्या वेळी गेलात की नक्की बघा, चित्रातलं आणि ते ताडून बघायला मजा येते. खोटं म्हणजे तब्येत. त्याला गाऊट होता, म्हणजे आपल्याकडे युरिक ॲसिड वाढलं म्हणतात ते, आणि साधासुधा नाही. त्याच्या बोटाचं एक पेर माद्रिदजवळच्या एल एस्कोरियल या मठ-राजवाड्यात जपून ठेवलेलं होतं, ते तपासून डॉक्टरांनी 2006 मधे रिपोर्ट छापला की हाड गाऊटने अक्षरशः खाल्लं होतं. लढाईच्या काळात तो डोलीतून फिरायचा असंही सांगतात. अशा माणसाला एका हातात तो भाला आणि दुसऱ्यात लगाम घेऊन ताठ बसवलंय, वय तेव्हा 48.

पण मला या चित्रात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू, लढाईच नाहीये त्यात! शत्रू नाही, मेलेलं कुणी नाही, स्वतःचे सैनिकसुद्धा नाहीत. एक माणूस, एक घोडा, मागे नदी आणि संध्याकाळसारखं आभाळ. ज्यांना हरवलं ती त्याच्याच साम्राज्यातली माणसं होती, त्यांना घोड्याच्या टापांखाली दाखवून कसं चालेल, उद्या त्यांच्यावरच राज्य करायचंय. आणि चेहरा बघितलात का, जिंकलेल्या माणसाचा नाही वाटत तो, थकलेल्या माणसाचा वाटतो. टिशियनने चालता येत नसल्याचं लपवलं पण थकवा लपवला नाही, असं माझं मत. आठेक वर्षांत चार्ल्सने गादी सोडली आणि मठाशेजारी जाऊन राहिला, तिथेच 1558 मधे गेला.

एक गंमत राहिलीच. चित्र वाळायला ठेवलं होतं ते वाऱ्याने पडलं आणि नेमकं घोड्याच्या मागच्या भागाशी खराब झालं, मग तिथल्याच अँबर्गर नावाच्या चित्रकाराकडून ते दुरुस्त करून घेतलं. म्हणजे घोड्याचं ढुंगण टिशियनचं नाही, निदान सगळं नाही.

प्रश्न (पुणे, कला शाखेची विद्यार्थिनी) : सर, घोडा मागच्या दोन पायांवर उभा आणि राजा एका हाताने लगाम धरून एकदम शांत, जसं काही सोफ्यावर बसलाय. हे खरंच शक्य असतं का? आणि चित्रकार असा घोडा समोर उभा कसा करत असतील?

शक्य असतं, आणि तीच तर सगळी मेख आहे. घोडा बिथरून दोन पायांवर उभा राहतो ते वेगळं, त्यात स्वार पडतो. चित्रांत असतो तो शिकवलेला प्रकार, त्याला लेव्हाद म्हणतात. घोडा मागचे गुडघे वाकवून बूड खाली घेतो, पुढचे पाय पोटाशी मुडपतो आणि साधारण 30-35 अंशांच्या कोनात काही सेकंद तोलून राहतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधे पांढरे लिपिझानर घोडे अजून हे करून दाखवतात, व्हिडिओ शोध, लगेच सापडतील. घोड्याला हे शिकवायला वर्षं लागतात. म्हणजे पाचशे किलोचं जनावर आपला सगळा जोर दाबून माणसाच्या बोटाच्या इशाऱ्यावर थांबलंय, आणि माणसाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. बघणाऱ्याने काय समजायचं ते समजायचं, की जो याला आवरतो तो राज्यालाही आवरेल. म्हणून मी म्हणतो हात बघा. घट्ट मूठ आवळलेली कधीच दिसणार नाही, लगाम दोन बोटांत असल्यासारखा, दुसऱ्या हातात सेनापतीचा दंडुका.

(आपल्याकडच्या वरातीतला नवरदेव आठव. फेटा, तलवार, घोडा, थाट सगळा राजाचा, फक्त लगाम घोडेवाल्याच्या हातात! फोटोग्राफर त्याला फ्रेमबाहेर ठेवायला धडपडतो ते उगाच नाही.)

याचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे वेलाझ्केझ या स्पॅनिश दरबारी चित्रकाराने 1635 च्या आसपास काढलेलं स्पेनच्या राजाचं, चौथ्या फिलिपचं चित्र, तेही प्राडोतच. बाजूने दिसणारा राजा, चिलखत, गुलाबी सॅश, घोडा लेव्हादमधे. हा फिलिप राज्यकारभारात कसा होता यावर लोक भांडतील पण घोड्यावर मात्र खरोखरच पक्की मांड असलेला होता. आणि तू विचारलंस ना चित्रकार कसं करायचे, तर या चित्रात घोड्याच्या मागच्या पायांपाशी नीट बघ, आधी काढलेले आणि नंतर रंगाने झाकलेले पाय पुसट दिसतात. वेलाझ्केझलाही पाय कुठे टेकवायचे ते एका फटक्यात जमलं नव्हतं, तेव्हा तुझं सबमिशन रिजेक्ट झालं तर एवढं मनाला लावून घेऊ नको.

चित्रात निदान कॅनव्हास भिंतीला टेकतो, ब्राँझच्या पुतळ्याचं काय? फिलिपचा असाच पुतळा फ्लॉरेन्सच्या पिएत्रो ताक्काकडून करून घेतला, 1640 मधे पूर्ण झाला. राजाचा चेहरा नीट यावा म्हणून माँतान्येस या शिल्पकाराने माद्रिदला येऊन डोक्याचा नमुना करून दिला. टनावारी ब्राँझ दोन मागच्या पायांवर आणि शेपटीवर उभं करायचं, हे एवढ्या मोठ्या आकारात आधी कुणी केलं नव्हतं. त्यासाठी म्हणे गॅलिलिओचा सल्ला घेतला, मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ करा असा. पुतळा माद्रिदच्या राजवाड्यासमोर अजून उभा आहे, म्हणजे सल्ला ज्याचा कुणाचा असेल तो बरोबर होता.

प्रश्न (कोल्हापूर) : घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर म्हणजे स्वार लढाईत गेला, एक पाय वर म्हणजे जखमांनी गेला, चारही खाली म्हणजे अंथरुणात गेला. हे लहानपणापासून ऐकतोय. खरं काय?

काही खरं नाही हो. वरच सांगितलेला फिलिप बघा, दोन्ही पाय वर आणि माणूस 1665 मधे आजारी पडून राजवाड्यात गेला. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस, त्याच्या पुतळ्यात घोड्याचा एक पाय वर, तोही आजारानेच गेला. आणि तुम्ही तर कोल्हापूरचे, कावळा नाक्यावर रोज उदाहरण बघता की! ताराराणींचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे, आणि ताराराणी 1761 मधे साताऱ्याला वारल्या तेव्हा त्यांचं वय होतं 86. हा नियम कुठल्याच शिल्पशाळेत शिकवत नाहीत, फक्त सहलीच्या बसमधे आणि व्हॉट्सॲपवर शिकवतात.

प्रश्न (नाशिक) : माझा सहा वर्षांचा मुलगा पुस्तकातला एक छोटा राजपुत्र दाखवून विचारतो की याचा घोडा एवढा जाडा का? मला काय सांगावं कळेना.

त्याला सांगा, बरोबर पकडलंस! तो बाल्तासार कार्लोस, फिलिपचा मुलगा, चित्र काढलं तेव्हा तुमच्या मुलाएवढाच. सेनापतीची सॅश, हातात दंडुका, सगळा मोठ्यांचा थाट. चित्र माद्रिदच्या बुएन रेतीरो राजवाड्यात दाराच्या वर, आईवडलांच्या घोड्यावरच्या चित्रांच्या मधोमध लावायचं होतं. खालून वर बघताना घोडा अंगावर झेपावतोय असं वाटावं म्हणून वेलाझ्केझने पोट तसं फुगवलं. पुस्तक डोक्यावर धरून खालून बघायला सांगा, घोडा बारीक होईल. (पोरगा बिचारा सोळाव्या वर्षीच गेला, ते सांगू नका.)

प्रश्न (मूळ ठाणे, सध्या लंडन) : ऑफिसला जाताना ट्रॅफल्गर स्क्वेअरपाशी एक छोटासा घोडेस्वार पुतळा लागतो, बसमधून उतरलं की पाठच दिसते. कोण आहे हा?

तो इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स (वरचा स्पेनचा नव्हे), आणि त्याची गोष्ट एखाद्या सिनेमाला पुरेल. पुतळा ल स्यूर नावाच्या फ्रेंच शिल्पकाराचा, 1633 चा. नंतर राजा आणि पार्लमेंटमधे युद्ध झालं, राजा हरला, 30 जानेवारी 1649 ला त्याचं डोकं उडवलं. पुतळा मोडीत काढायला रिव्हेट नावाच्या धातूकाम करणाऱ्याला विकला. या पठ्ठ्याने काय केलं, पुतळा जमिनीत गाडून ठेवला आणि राजाच्या पुतळ्याच्या म्हणून सुऱ्याकाटे विकले, ते राजनिष्ठांनी आठवण म्हणून घेतले आणि शत्रूंनी विजय म्हणून! राजाचा मुलगा गादीवर आला तेव्हा पुतळा अख्खाच्या अख्खा बाहेर निघाला, 1675 पासून तुझ्या बसस्टॉपजवळ उभा आहे. तोंड व्हाइटहॉलकडे, म्हणजे जिथे डोकं उडवलं त्याच दिशेला. लंडनपासूनची अंतरं तिथूनच मोजतात.

आता लंच टाइममधे पलीकडे नॅशनल गॅलरीत जा, फुकट आहे. तिथे व्हॅन डाइकने साधारण 1637-38 मधे काढलेलं याच राजाचं बारा फुटी चित्र आहे. चार्ल्स उंचीला साधारण पाच फूट चार इंच, बोलताना अडखळायचा. व्हॅन डाइकने काय युक्ती केली, बघणाऱ्याची नजर रिकिबीच्या पातळीवर ठेवली, मग राजाकडे मान वर करूनच बघावं लागतं, उंचीचा प्रश्नच मिटला. वर आणि घोडा धिप्पाड, डोकं बारीकसं. झाडाला पाटी लटकवली आहे, ग्रेट ब्रिटनचा राजा चार्ल्स, लॅटिनमधे. आपण राजा आहोत हे पाटी लावून सांगावं लागलं तिथेच काहीतरी गडबड आहे असं मला दर वेळी वाटतं, पण हे झालं पुढचं माहीत असल्यामुळे सुचलेलं शहाणपण. चार वर्षांत युद्ध सुरू झालं.

प्रश्न (अमरावती) : आमच्या क्लासमधे नेपोलियनचं पोस्टर आहे, उधळलेला पांढरा घोडा, वर बोट दाखवतोय. खाली मोटिव्हेशनल वाक्य. मित्र म्हणतो तो खेचरावर होता.

मित्र बरोबर आहे. मे 1800 मधे नेपोलियनने आल्प्स ओलांडला तो सैन्य पुढे गेल्यावर, चांगल्या हवेत, खेचरावर बसून, स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊन. डोंगरात समजूतदार माणूस खेचरच निवडेल, त्यात कमीपणा कसला. पण चित्र काढणाऱ्या दाव्हिदकडे मागणी अशी होती की उसळत्या घोड्यावर मी शांत दिसलो पाहिजे, म्हणजे तेच जुनं राजांचं गणित! आणि हा तेव्हा राजा नव्हताच, सम्राट 1804 मधे झाला, म्हणजे चित्रात आधी झाला आणि प्रत्यक्षात नंतर. पोझ द्यायला बसलाच नाही, युनिफॉर्म पाठवून दिला, मग दाव्हिदने आपल्याच पोराला शिडीवर बसवून चित्र काढलं. एकूण पाच प्रती, कुठे झगा पिवळा, कुठे लाल. खाली खडकावर बोनापार्त आणि त्याच्याआधी आल्प्स ओलांडलेल्या हॅनिबल आणि शार्लमेनची नावं कोरलेली, म्हणजे बघणाऱ्याने हिशोब चुकवू नये.

नंतर पॉल देलारोशने खेचरावरचा, थंडीने आक्रसलेला नेपोलियन रंगवला आणि त्यात खेचराला ओढणारा वाटाड्या आहे. लगाम कुणाच्या हातात ते बघा. ते पोस्टर मात्र कुठला क्लास लावणार नाही.

प्रश्न (बेळगाव) : सगळे पुरुषच का? राण्या घोड्यावर नव्हत्या काय?

होत्या, पण बहुतेकींना संथ चालीच्या घोड्यावर, घोळदार झग्यात, बाजूला बसवायचे. वेलाझ्केझने काढलेली फिलिपची राणी इसाबेल बघा, घोडा शांत चालतोय, शस्त्र नाही. याला सणसणीत अपवाद म्हणजे रशियाची कॅथरीन. 1762 मधे तिने नवऱ्यालाच गादीवरून काढलं, गार्ड रेजिमेंटचा पुरुषी युनिफॉर्म चढवला, ब्रिलियंट नावाच्या पांढऱ्या घोड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली आणि फौज घेऊन निघाली. एरिक्सन या डॅनिश चित्रकाराने ते रंगवलं, हातात नंगी तलवार. नवऱ्याची गादी घेतली तर नवऱ्याचीच बसण्याची पद्धतही घेतली.

आणि आपल्या आठवणीतलं म्हणजे दुसरी एलिझाबेथ. दरवर्षी जूनमधे लष्करी परेडला लाल युनिफॉर्ममधे घोड्यावर यायची, पण बाजूला पाय घेऊन. 1969 ते 1986 परेडला ती बर्मीज या काळ्या घोडीवर बसायची. 1981 मधे गर्दीतल्या एका पोराने सहा बार काढले, खोट्या काडतुसांचे निघाले पण तिला तेव्हा काय माहीत! घोडी बिथरली, राणीने दोन क्षणांत तिला आवरलं आणि पुढे चालू लागली. चारशे वर्षं चित्रकार जे रंगवत होते ते त्या दिवशी टीव्हीवर दिसलं.

प्रश्न (सातारा) : आपल्या महाराजांच्या जुन्या चित्रांत घोडा असा दोन पायांवर का नसतो? पुतळ्यांत तर असतो.

चांगला प्रश्न. महाराजांचं घोड्यावरचं जुनं चित्र म्हणजे मीर मुहम्मदने काढलेलं, मनुची या व्हेनिसच्या माणसाने करून घेतलेल्या संग्रहातलं, आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. महाराज घोड्यावर, बरोबर पायी चालणारे हत्यारबंद लोक. ही मुघल-दख्खनी रीत, तिचं गणितच वेगळं. चेहरा एकचष्म, म्हणजे एका बाजूने, घोडाही बाजूने. मोठेपणा दाखवायला घोडा उसळवायची गरज नाही, भोवतीची माणसं, चवऱ्या, छत्र यातून तो दिसतो. शाहजहानची अशी चित्रं आहेत, तलवार, भाता, डोक्यामागे तेजोवलय (हे वलय मात्र युरोपच्या चित्रांवरून आलेलं), आणि मुघल चित्रांत बऱ्याच घोड्यांचे पाय आणि शेपटी मेंदीने रंगवलेली असते. आपल्या राजांनी घोडा सजवला, त्यांच्या राजांनी घोडा उसळवला.

चौकातले ब्राँझचे अश्वारूढ पुतळे ही रीत युरोपकडून इकडे आली, पण आपल्या शिल्पकारांनी ती पार आपलीशी केली. पुण्यातला करमरकरांचा महाराजांचा पुतळा, 1928 चा, शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला, तो एकदा निवांत बघा, वर्दळीतून जाताना नाही, थांबून. त्याची पायाभरणी 1921 मधे इंग्लंडच्या युवराजाने केली होती, हेही बघताना लक्षात असू द्या.

प्रश्न (मुंबई) : काळा घोडा फेस्टिव्हलला दरवर्षी जातो. तो घोडा मुळात कुणाचा?

इंग्लंडच्या सातव्या एडवर्डचा. 1875-76 मधे युवराज असताना तो भारतात आला होता, त्याची आठवण म्हणून मुंबईचे व्यापारी अल्बर्ट ससून यांनी बोहम या शिल्पकाराकडून पुतळा करून घेतला, 1879 मधे बसवला. स्वार लष्करी पोशाखात, पण मुंबईकराने स्वाराचं नावच घेतलं नाही, ब्राँझ काळं पडलेलं दिसलं आणि पत्ता झाला काळा घोडा. 1965 मधे पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, तरी नाव तिथेच राहिलं. 2017 मधे त्या जागी नवा घोडा आणला, या वेळी स्वाराशिवाय.

बडोद्यातही काळा घोडा आहे, पण तो सयाजीराव गायकवाडांचा, डरवेंट वुड या शिल्पकाराने केलेला, 1907 चा, आणि तो स्वारासकट जागेवरच आहे. तेव्हा बडोद्याच्या नातेवाइकांना काळा घोड्यापाशी भेटू म्हणालात तर आधी गाव सांगा.